आधी पोटोबा, मग कोलोसियम

युरोप सहलीचं पत्रक हातात पडलं की मराठी माणूस स्थळांची यादी नंतर वाचतो. आधी तो 'रोज रात्री भारतीय जेवण' ही ओळ शोधतो. ती सापडली की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. काहींचा मात्र नेमका तिथेच विरस होतो. हा वाद घराघरांत चालतो. इथे तो एका मामा-भाचीत झाला आहे. मामांनी उभी नोकरी सहल व्यवस्थापक म्हणून केली, मराठी पर्यटकांना घेऊन युरोप पालथा घातला, आता निवृत्त आहेत. भाची पुण्यात नोकरी करते आणि यंदा आईबाबांना इटली दाखवायची म्हणते. आई शाकाहारी, वडिलांना मधुमेह. ताई-दाजींना ग्रुप टूरनेच पाठव, हा मामांचा आग्रह. आमचे आम्ही जाऊ, हे भाचीचं म्हणणं. हॉटेल, तिकिटं, व्हिसा यांवर दोघांचं चटकन जमलं. घोडं अडलं ते जेवणावर.

भाची : रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, तिन्हीकडे रात्रीचं जेवण भारतीय. मामा, मग इटलीला जायचं तरी कशाला?

मामा : बघायला. आणि बघायचं तर आधी पोटात काहीतरी पडलेलं असावं लागतं. नोंदणीला आलेला माणूस व्हिसाचं नंतर विचारतो, आधी विचारतो, "रात्री भात मिळेल ना?" ती ओळ कंपन्यांनी लादलेली नाही, लोकांनीच छापायला लावली आहे.

भाची : पण मिळतं काय? पिवळी डाळ, जिरा राइस, मटार-पनीर, बटाटा-फ्लॉवर, नान आणि शेवटी गुलाबजाम. रोममध्ये तेच, व्हेनिसमध्येही तेच. आईने घरी असा बेत कधी केलेला नाही. घरचं म्हणून तुम्ही लोक जे वाढता ते हायवेवरच्या ढाब्याचं असतं.

मामा : कबूल. पण ते जेवण कधी समोर येतं ते बघ. दिवसभर दगडी फरशीवरून चालून माणसांच्या पायाचे तुकडे पडलेले असतात. साडेसहाला बस हॉटेलपाशी लागते. आत टेबलं आधीच मांडलेली. एका बाजूला शाकाहारी भांडी, दुसऱ्या बाजूला चिकन, आणि कोपऱ्यात झाकण लावलेला जैन डबा, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. भाताची वाफ चष्म्यावर येते. कुणीतरी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढून सगळ्या टेबलांवर फिरवतं. दुपारभर हूं की चूं न केलेले आजोबा दोन घासांनंतर मायकेलअँजेलोवर बोलायला लागतात. पाऊण तासात चाळीस माणसं जेवून, हात धुऊन बसमध्ये. हे तुझ्या इटालियन हॉटेलात करून दाखव.

भाची : पाऊण तासात चाळीस माणसं उरकली, हेच तर माझं दुखणं आहे. तिथे जेवण उरकायची गोष्ट नाही. बिलसुद्धा आपण मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं.

मामा : तुला वाटतं घाई आम्हाला हौस म्हणून असते? युरोपात बसचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं. दिवसाचं काम संपलं की सलग अकरा तास विश्रांती. ती नऊ तासांवर आणता येते, पण मोजक्याच दिवशी. सगळी नोंद गाडीतल्या यंत्रात होते, तिथे वशिला चालत नाही. बस रात्री साडेनऊला लागली तर सकाळी साडेआठच्या आत हलणार नाही. सकाळची व्हॅटिकनची वेळ गाठायची तर रात्रीचं जेवण लवकर आटोपावंच लागतं. इटालियन हॉटेलात साडेसातच्या आत कुणी धड दारही उघडत नाही. भारतीय हॉटेलवाला आमच्यासाठी सहाला भात लावतो. त्यात या मोठ्या बसना जुन्या शहरात शिरायला बंदी. तुझी ती नावाजलेली जुनी हॉटेलं बरोबर त्याच गल्लीबोळांत.

भाची : म्हणजे जेवण काय असावं हे जिभेने नाही, बसने ठरवायचं.

मामा : चाळीस माणसांचा संसार असाच चालतो.

भाची : आम्ही तिघंच. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तासावर, आणि स्टेशन ऐन गावात. आम्हाला बसच नको, म्हणजे बसचं घड्याळही नको.

मामा : बरं, तिघं तर तिघं. दुपारचे साडेतीन वाजलेत. दाजींची साखर उतरायला लागली आहे. जेवायची सगळी हॉटेलं अडीचला बंद झाली, आता थेट साडेसातला उघडणार. काय करशील?

भाची : बारमध्ये नेईन.

मामा : दाजींना?

भाची : इटलीतला बार म्हणजे गुत्ता नव्हे, हे तुला मी सांगायला हवं का? सकाळी कॉफी, दुपारी सँडविच, गावातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा, सगळं तिथेच. दिवसभर उघडा. काउंटरशी उभं राहून एस्प्रेसो घेतली तर साधारण सव्वा-दीड युरो. तीच चौकातल्या टेबलावर बसून घेतली की दर कितीतरी पटीने चढतो. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातलं १७२० साली सुरू झालेलं फ्लोरियान तर वाद्यवृंद वाजत असेल तेव्हा संगीताचे पैसेही बिलात वेगळे लावतं. हे ठाऊक असलेला माणूस फसत नाही. आणि तसंही साडेतीनपर्यंत उपाशी राहायचं कशाला? तिथे दुपारी साडेबाराला जेवतात आणि रात्री साडेसातला. बाबा घरी जेवतात त्याच वेळा आहेत या. त्यांची वेळ चुकते ती टूरच्या बसमध्ये.

मामा : वेळेचं सोड, ताईचं काय करणार? तिला वाटतं चीज म्हणजे दूधच. इटलीतलं खरं पार्मेझान, तिथे पार्मिजानो म्हणतात, ते वासराच्या पोटातल्या विरजणाने, रेनेटने, दूध फाडून करतात. नियमच तसा आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट. म्हशीच्या दुधाच्या अस्सल मोझरेलालाही वासराचंच. आपल्याकडच्या चीजच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो, कारण रेनेट जनावराचं नसतं. तिथे ठिपकाबिपका नाही. रिसोत्तो म्हणजे नुसता मऊ भात, असं समजून आपली माणसं मागवतात. तो बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो, आणि मिलानच्या पारंपरिक केशरी रिसोत्तोत बैलाच्या हाडातला मगजही पडतो. भारतीय हॉटेलातलं पनीर लिंबाने नाहीतर व्हिनेगरने फाडलेलं. ताईचा नेम मोडत नाही, एवढं तरी मान.

भाची : मानते. आईला हे आधी सांगणार, आणि ठरवणार ती. ज्यांना रेनेटही चालत नाही त्यांच्यासाठी पित्झा मरिनारा आहे: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. चीजचा कणही नाही, आणि ही काही तडजोड नव्हे, नेपल्सच्या जुन्या अस्सल पित्झांपैकी एक आहे. जिनोआकडे फारिनाता मिळतो. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि तांब्याच्या मोठ्या परातीत घालून भट्टीत भाजलेला. आपला बेसनाचा पोळाच तो, फक्त जाड. पालेर्मोत बेसनाच्या वड्या तळून पावात घालून देतात, पानेल्ले म्हणतात. फ्लॉरेन्समध्ये रिबोल्लिता, म्हणजे शिळा ब्रेड, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळपट पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं दाट सूप. शिळ्याचं सोनं करणारं हे गरिबाघरचं जेवण. वाढताना चीज टाकू नका आणि आत डुकराचं काही नाही ना, एवढं विचारायचं.

मामा : आणि सोबत तस्कनीचा ब्रेड, ज्यात मीठच नसतं. दाजी पहिल्या घासाला म्हणणार, अळणी आहे.

भाची : म्हणू देत. घरीही म्हणतातच. रोमचं ऐक. तिथे तीबर नदीकाठी जुनी यहुदी वस्ती आहे. १५५५ साली पोपने यहुद्यांना भिंतीआड कोंडलं तो भाग, घेत्तो. तिथला आर्टिचोक खायला मी आईला नेणार. बाहेरची राठ पानं काढून टाकतात, काळा पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवतात, मग तेलात दोनदा तळतात. दुसऱ्या तळणीत पाकळ्या उमलून तांबूस कुरकुरीत होतात, आतला गाभा लोण्यासारखा मऊ राहतो. वर फक्त मीठ. हातानेच पाकळी मोडायची. आणि त्या वस्तीत काही हॉटेलं यहुदी धर्मनियमानुसार दुधाची आहेत. तिथे मासे असतील, पण मांस स्वयंपाकघरातच येत नाही. शाकाहारी माणसाला रोममध्ये याहून निवांत जागा कुठली?

मामा : ही जागा मी ग्रुपला कधी दाखवली नाही, खरं आहे. आर्टिचोकचा हंगाम मात्र वसंतातला, हे लक्षात ठेव. मे संपत आला की रोमचा तो गोल जातीचा आर्टिचोक मिळेलच असं नाही. बरं, पैशाचं बोल. तिघांनी साध्या खानावळीत, त्रात्तोरियात, बसायचं. तीन पास्ते बारा-बारा युरोचे, आर्टिचोक सातचा, पाण्याची बाटली तीनची, वर माणशी दोन युरो कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसल्याचे. बावन्न युरो झाले. पाच हजारांवर रुपये, आणि पोळी नाही, भात नाही. ग्रुपचा घाऊक दर याच्या कितीतरी खाली असतो.

भाची : घाऊक दर असतो, पण तो आमच्याच पॅकेजमधून जातो. फुकट कुणी वाढत नाही. आणि कोपेर्तो मेनूवर छापलेला असतो. आपण वाचत नाही आणि मग फसवलं म्हणून भांडतो. रोम ज्या प्रांतात आहे तिथे तो घ्यायला मनाई आहे, म्हणून ब्रेडचे पैसे लावतात. ब्रेड नको असेल तर आल्याआल्या सांगायचं. आधी अंतिपास्तो, मग पास्ता, मग मांसाचा पदार्थ, मग गोड, हे सगळं मागवलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. एक पास्ता आणि एक भाजी, झालं. रस्त्यावर प्यायला पाणी फुकट. रोमभर अडीच हजारांच्या आसपास सार्वजनिक नळ वाहताहेत, १८७४ पासून.

मामा : तुला सगळं पाठ आहे. पण मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली आहे, जी पुस्तकात नसते. मोकळ्या दुपारी आपली माणसं इटालियन हॉटेलात जातात. चौघं मिळून एक पित्झा मागवतात. तिथे माणशी एक पित्झा असतो आणि तोही न कापता येतो. मग कापून मागतात. कांदा-मिरची मागतात. केचअप मागतात. वेटर तोंडाने काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो. ताईच्या वयाच्या बाईला तो चेहरा बरोबर वाचता येतो. जन्मभर चार माणसांना मानाने वाढलेली बाई परक्या टेबलावर चोरट्यासारखी बसते. भारतीय हॉटेलात ती ताठ बसते, "अजून एक रोटी आणा" म्हणते. मी लोकांना डाळभात खाऊ घालत नव्हतो, त्यांचा मान सांभाळत होतो.

भाची : हे तू आधी कधी बोलला नाहीस.

मामा : पत्रकात छापता येत नाही.

भाची : पण त्यावरचा उपाय पडदा आहे का, मामा? ती भीती ओळख नसल्याची आहे. माणशी एक पित्झा मागवायचा, एवढं आधी सांगितलं असतं तर तो चेहरा बघायची वेळच आली नसती. तिखट हवं तर मिरचीचं तेल, 'ओलिओ पिक्कांते', मागायचं. पित्झाच्या दुकानात ते असतंच. तुम्ही बसमध्ये माईकवरून कोलोसियममध्ये किती माणसं मावायची हे अर्धा तास सांगता, इटालियन मेनू कसा वाचायचा हे पाच मिनिटं सांगत नाही. आणि त्यांचं-आपलं असं तरी काय आहे? टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. सोळाव्या शतकात मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली, टोमॅटो स्पेनमार्गे इटलीत गेला. त्याआधी त्यांचा सॉसही लाल नव्हता आणि आपला रस्साही.

मामा : तसं बघितलं तर तुझ्या त्या पार्मिजानोतही आपली माणसं आहेत. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांवर पंजाबी लोक पहाटे उठून गाईंचं दूध काढतात. नोवेल्लारा नावाच्या गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे, २००० सालचा. चीज इटलीचं, पण त्याच्या दुधाला हात पंजाबचा.

भाची : बघ! आणि डिसेंबर २०२५ मध्ये इटालियन पाककलेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तो दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या बैठकीत. त्याच बैठकीत आपली दिवाळीही यादीत आली. नेपल्सच्या पित्झावाल्यांची कला २०१७ सालीच गेली होती. मान मिळाला तो एखाद्या पाककृतीला नाही. एकत्र रांधणं, टेबलाभोवती निवांत बसणं, आजीकडून नातीकडे हात जाणं, याला मिळाला. तोच वारसा तू पाऊण तासात भात लावून चुकवतोस.

मामा : दुपार मोकळी सोडतो की आम्ही. 'दुपारचं जेवण स्वखर्चाने' असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

भाची : कुठे सोडता? महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या उपाहारगृहात, चाळीस मिनिटं. नाहीतर चौकात, जिथे फोटोवाले मेनू लावलेले असतात आणि दारात उभा माणूस "नमस्ते, नमस्ते" म्हणून ओढतो. तिथला गार पास्ता खाऊन लोक ठरवतात, इटालियन जेवण काही खरं नाही. मग दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बसून थेपल्यांचा डबा उघडतात.

मामा : आणि दंड भरतात. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर नुसतं बसायलाही २०१९ पासून बंदी आहे, चारशे युरोपर्यंत दंड. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात खाली बसून खाल्लं तरी पोलीस येतो. आणखी एक, ताईला सांग, साजूक तूप नेऊ नकोस. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा, खाखरा, मेतकूट खुशाल ने.

भाची : नेते. पण मूळ मुद्दा टाळू नकोस. व्हेनिसला मुरानोच्या काच कारखान्यात किती वेळ थांबता?

मामा : ...तासभर.

भाची : आणि फ्लॉरेन्सला चामड्याच्या शोरूममध्ये?

मामा : तेवढाच. समजलं, पुढे नको सांगूस. तिथले हिशेब वेगळे असतात. ते दोन तास एका संध्याकाळी जेवणाला दिले असते, बस लवकर सोडून माणसांना गावात पायी नेलं असतं, तर जमलं असतं. चाळीस नव्हे, दहा-दहाचे गट करून, मेनू आठवडाभर आधी ठरवून. जमलं असतं.

भाची : मग मला हरकत कसली? पोचल्याच्या रात्री विमानातून उतरून आईबाबा थकलेले असतील, तेव्हा मीच त्यांना भारतीय हॉटेलात नेईन. डाळभात खाऊन लवकर झोपवीन. प्रवासाच्या मधल्या एखाद्या दिवशीही कंटाळा आला तर पुन्हा नेईन. पण बाकीच्या रात्री त्यांच्या गावात त्यांच्यासारखं जेवायचं.

मामा : जा. टेबल साडेसातचं घे, त्यानंतर गर्दी होते. दाजींना गोळी टेबलावर पदार्थ आल्यावर घ्यायला लाव, बसल्याबसल्या नको; तिथे पास्ता मागवल्यावर शिजवतात. आणि मेनूत चार शब्द शोध: ग्वांचाले म्हणजे डुकराचा गाल, अच्चुगे म्हणजे बारीक मासे, ब्रोदो म्हणजे रस्सा, तो बहुधा मांसाचा, आणि कालिओ म्हणजे ते रेनेट. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, मासे आणि हॅम त्यांच्या लेखी बरेचदा त्यात धरलेच जात नाहीत. 'सोनो वेजेतारियाना' म्हण, आणि हे चार शब्द पुन्हा विचार.

भाची : हेच बसमध्ये माईकवरून सांगायचं होतंस, मामा.

मामांच्या बाजूने बोलायचं तर परदेशात ओळखीचं जेवण ही चैन नाही. म्हाताऱ्या, आजारी आणि नेम पाळणाऱ्या माणसांसाठी ती गरज आहे, आणि तिची टिंगल करणं सोपं असलं तरी बरोबर नाही. भाचीच्या बाजूने बोलायचं तर ज्या गावात आपण लाखो रुपये खर्चून जातो तिथलं एकही ताट निवांत न जेवता परत येणं हा तोटा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. या दोन बाजूंत वैर नाही. आड येतं ते सहलीचं वेळापत्रक, ज्यात काचेच्या दुकानाला तास असतो आणि जेवणाला उरलेली मिनिटं.

तेव्हा ग्रुप टूरचे पैसे भरण्याआधी 'रात्री भात आहे का' यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा: स्थानिक जेवणाला एक तरी संध्याकाळ आहे का, आणि त्याला किती वेळ आहे? ग्राहकांनी विचारलं म्हणून भारतीय जेवण पत्रकावर आलं. हेही विचारलं तरच येईल.